बारी राखणारे गड

पिंपळनेरहून ताहाराबादकडे निघालेली एसटी पांझरेचा काठ सोडते, कांद्या-मक्याची शेते मागे टाकते आणि थोड्याच वेळात सेलबारीच्या चढाला लागते. ड्रायव्हर गिअर खाली ओढतो, इंजिन कण्हते आणि खिडकीजवळच्या माणसाला दोन्ही अंगांनी डोंगर सरकत येताना दिसतात. खिंडीच्या अलीकडे साक्री तालुका, धुळे जिल्हा. पलीकडे बागलाण, नाशिक जिल्हा. बहुतेक प्रवासी एव्हाना पेंगलेले असतात. शेकडो वर्षे ज्या वाटेवर माणसे जीव मुठीत धरून चालली, तिथे आज झोप लागते.

खानदेशात खिंडीला ‘बारी’ म्हणतात. सेलबारी, डोलबारी, कोंडाईबारी ही नावे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतात. बारी म्हणजे डोंगररांगेतले दार. दार आले की राखणदार आलाच आणि राखणदार आला की त्याची चौकी आली. खानदेश-बागलाणातल्या गडांची जन्मकथा एवढीच आहे. म्हणून या भागात गड बघायला निघालेल्याने आधी खालची वाट बघावी आणि मगच मान वर करावी. वाट समजली नाही, तर वर जाऊन चार पडक्या भिंती आणि एक गढूळ टाके दिसते. समजली, तर प्रत्येक बुरुजाचे तोंड त्याच दिशेला का आहे, हे कोणी सांगावे लागत नाही.

ही वाट साधीसुधी नव्हती. सुरत हे मोगलांचे मोठे बंदर, बुऱ्हाणपूर हे त्यांचे दक्षिणेकडचे मोठे ठाणे. या दोहोंना जोडणारा रस्ता कोंडाईबारीने खानदेशात चढायचा आणि तापीच्या सुपीक खोऱ्यातून पूर्वेकडे जायचा. कापड, नीळ, चांदी, घोडे, हजला निघालेले यात्रेकरू, सगळे याच रस्त्याने. दक्षिणेकडे दौलताबादला जाणाऱ्या वाटा बागलाणच्या डोंगरांतून फुटायच्या. १६१० च्या सुमारास विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी सुरतेहून या मुलखातून गेला. त्याने बागलाणच्या प्रतापशाह राजाची, मुल्हेर आणि साल्हेर या दोन शहरांची नोंद करून ठेवली आहे. तिथे महमुदी नाण्यांची टांकसाळ आहे, दोन्ही ठिकाणी जबरदस्त किल्ले आहेत आणि वर जायच्या वाटेने दोन माणसे शेजारी-शेजारी किंवा फार तर एक हत्ती जाईल, असे तो लिहितो. पुढची नोंद फार बोलकी आहे: वाट राखण्यासाठी डोंगराडोंगरावर ऐंशी छोट्या गढ्या विखुरलेल्या आहेत.

ऐंशी हा आकडा त्याने मोजून दिला की ऐकून, कोण जाणे. पण साल्हेर, सालोटा, मुल्हेर, मोरा, हरगड, न्हावीगड, चौल्हेर अशी एकाच टापूतली नावे घेऊ लागले की फिंचवर विश्वास बसतो.

आता मुल्हेर. ताहाराबादहून पश्चिमेला मोसम नदीच्या खोऱ्यात शिरले की समोर तीन डोंगर खांद्याला खांदा लावून उभे दिसतात. मधला मुल्हेर, एका बाजूला मोरा, दुसऱ्या बाजूला हरगड. सकाळी सातच्या सुमारास पायथ्याच्या गावातून चढायला लागावे, म्हणजे उन्हाच्या आधी माची गाठता येते. माचीवर एकामागून एक दरवाजे लागतात, मग गणपतीचे मंदिर आणि त्यापुढचा तलाव. जवळच झाडीत सोमेश्वराचे देऊळ आहे आणि त्याचा गाभारा जमिनीखाली. पायऱ्या उतरून आत जाताना डोळे क्षणभर आंधळे होतात, अंगाला गारवा झोंबतो आणि मग पिंडीवर पडलेला उजेडाचा कवडसा दिसू लागतो. राजवाड्याचे अवशेषही माचीवरच आहेत. हौशी मंडळी इथे फोटो काढून वर बालेकिल्ल्याकडे पळतात. खरे तर मुल्हेर समजायचा तर माचीवरच निम्मा दिवस घालवावा. लढाईपुरता चढायचा हा गड नव्हता. ही राजधानी होती.

बागलाणवर इथून राज्य करणारे बागुल राजे स्वतःला राठोड म्हणवीत. घराण्यातला प्रत्येक राजा ‘बहिर्जी’ या नावाने ओळखला जाई. त्यांच्या दरबारातल्या रुद्रकवीने १५९६ साली ‘राष्ट्रौढवंश’ हे संस्कृत महाकाव्य रचले आणि मुल्हेरला ‘मयूरगिरी’ केले. वीस सर्गांचे हे काव्य १९१७ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापले गेले. दरबारी कवी धन्याची स्तुती करणारच, तेवढी वजा करून ते वाचावे लागते. तरीही एवढ्याशा डोंगरी राज्याला स्वतःचा इतिहास संस्कृतात लिहवून घ्यावासा वाटला आणि तो खर्च परवडला, यावरून खालच्या वाटेने काय दिले होते याचा अंदाज येतो.

माचीवरची एक गोष्ट अगदी जवळ जाऊन पाहावी: पाण्याचे टाके. वरवर पाहता कातळात खणलेला चौकोनी हौद. काठावर गुडघे टेकून आत वाकले की भिंतीवर छिन्नीच्या तिरक्या रेघा दिसतात, सगळ्या एकाच दिशेच्या, कारण खोदणारा हात तोच असायचा. खोल, मोठ्या टाक्यात मध्ये कातळाचाच खांब राखून ठेवलेला असतो, म्हणजे छत खाली बसत नाही. सावलीतल्या पाण्याची वाफही कमी होते. टाक्यातून निघालेला दगड फुकट जात नसे. तोच घडवून शेजारच्या तटाला लावायचा. एका कामात दोन कामे. म्हणजे गडावरचे रिकामे टाके आणि उभा तट हे एकाच कातळाचे दोन तुकडे असतात. वर पाणी किती, यावरून शिबंदी किती दिवस टिकेल ते ठरायचे. तोफेपेक्षा टाके मोलाचे, हे जुन्या किल्लेदाराला शिकवावे लागत नव्हते.

तोफाही होत्या. फत्तेलष्कर, रामप्रसाद, शिवप्रसाद, मार्कंडेय अशी त्यांची नावे. त्यातली मार्कंडेय इंग्रजांनी फोडली आणि धातू म्हणून विकून टाकली. ऋषीचे नाव असलेल्या तोफेचा शेवट भंगारात झाला.

१६३८ साली या राजधानीवर घाला आला. औरंगजेब तेव्हा दख्खनचा सुभेदार होता. वय जेमतेम एकोणीस. त्याच्या फौजेने जानेवारीत मुल्हेरला वेढा घातला. माचीवरचे शहर पडले, राजा वरच्या बालेकिल्ल्यात अडकला आणि काही महिन्यांत त्याने हत्यार ठेवले. तहाची बोलणी करायला त्याने आपल्या आईला वकिलासोबत खाली पाठवले, सोबत आठ गडांच्या किल्ल्या. मागणी एकच, खानदेशातला सुलतानपूर परगणा मिळावा. डोंगरातला राजा सपाटीवरची सुपीक जमीन मागून मोकळा झाला. मुल्हेरचे नाव औरंगगड झाले. मोगलांचा इथला अंमलदार मुहंमद ताहिर. पिंपळनेर आणि मुल्हेर यांच्या मधले ताहाराबाद त्याच्याच नावाचे, असे जुने गॅझेटिअर सांगते. एसटीच्या पाटीवर हे नाव रोज दिसते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोगल सरदार येत नाही, वडापाव आणि सटाण्याची पुढची गाडी येते.

वाट राखणारे बदलले, वाट तीच राहिली. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली आणि परतताना ते बागलाणच्या मार्गाने आले. मुल्हेरच्या खालून लुटीचे ओझे घेऊन फौज गेली. चांदवडच्या रांगेपाशी मोगल सरदार दाऊदखान आडवा आला आणि दिंडोरीजवळ लढाई झाली. ओझ्याने लादलेले घोडे घेऊन शत्रूच्या मुलखातून जाणे किती अवघड, हे त्या वेळी चांगलेच कळले असणार. पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला, जानेवारी १६७१ मध्ये, साल्हेर मराठ्यांकडे आला. सुरतेची वाट ज्याला वापरायची, त्याला वाटेवरचा पहारा आपला हवा.

साल्हेर हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, १५६७ मीटर. शिखरांत कळसूबाईच्या खालोखाल त्याचा नंबर. साल्हेरवाडीतूनही चढता येते आणि वाघांबे गावातूनही. वाघांब्याची वाट साल्हेर आणि सालोटा यांच्या मधल्या खिंडीत नेते आणि तिथून कातळात कोरलेल्या पायऱ्या सुरू होतात. दरवाजा, पुन्हा पायऱ्या, पुन्हा दरवाजा. मग कड्याच्या पोटात एका रांगेत खोदलेल्या गुहा. वर पठारावर गंगासागर तलाव, रेणुकेचे देऊळ आणि अगदी माथ्यावर परशुरामाचे छोटेसे मंदिर. परशुरामाने पृथ्वी दान केली, मग राहायला जागा उरली नाही म्हणून इथून बाण मारून समुद्र मागे हटवला, अशी कथा गावकरी सांगतात. पश्चिमेला गुजरातच्या डांगचे जंगल उतरत जाताना बघितले की ती कथा इथेच का चिकटली, ते कळते. माथ्यावरून समुद्र दिसत नाही, पण त्या बाजूला जमीन संपते असे वाटत राहते.

पूर्वेला मांगी आणि तुंगी हे जुळे सुळके. जैनांच्या या तीर्थावर २०१६ साली ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती उभी राहिली. मूर्ती वेगळी घडवून वर आणली नाही, डोंगराच्याच दगडात कोरली.

फेब्रुवारी १६७२ मध्ये याच साल्हेरच्या पायथ्याशी जे झाले, त्यामुळे गडाचे नाव इतिहासात पक्के झाले. मोगल सरदार इखलासखान आणि बहलोलखान गडाला वेढा घालून बसले होते. मोरोपंत पिंगळे एका बाजूने आणि सरनौबत प्रतापराव गुजर दुसऱ्या बाजूने चालून आले. लढाई डोंगरात झाली नाही, उघड्या मैदानात झाली, आणि तिथे मोगल हरले. मराठे फक्त दबा धरून लढतात, या समजाला तडा गेला. कृष्णाजी अनंत सभासदाने बखरीत वर्णन केले आहे की चार प्रहर लढाई चालली आणि धुळीने आपला कोण, परका कोण, हे ओळखू येईना. सव्वाशे हत्ती आणि सहा हजार घोडे पाडाव झाल्याचेही तो लिहितो. बखरीतले आकडे जरा हात राखूनच घ्यावेत, पण हरलेला पक्षही हा पराभव लपवू शकला नाही. जंबुरक्याचा, म्हणजे छोट्या तोफेचा, गोळा लागून मराठा सरदार सूर्यराव काकडे इथेच पडला. त्या महिन्यातच मुल्हेरही मराठ्यांनी घेतला.

सभासदाने ही बखर जिंजीला बसून लिहिली, १६९० च्या दशकात. जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले. त्या यादीत साल्हेर आहे आणि तमिळनाडूतली जिंजीही आहे. एका लढाईचे मैदान आणि तिची गोष्ट जिथे लिहिली गेली तो गड, दोन्ही एका यादीत आले. मात्र तेवढ्याच सहजपणे हेही सांगायला हवे की साल्हेर पुढे लढून गेला नाही. १६८७ साली तिथल्या किल्लेदाराने पैसे घेऊन तो मोगलांच्या हवाली केला. तोवर पुन्हा मोगलांकडे गेलेल्या मुल्हेरचा किल्लेदार नेकनामखान याने हा सौदा जुळवला. शौर्याची पाटी लावताना ही ओळ कोणी लिहीत नाही.

इथे जरा लांबचा फेरा घ्यायला हरकत नाही. आयर्लंडमध्ये जुने किल्ले बघत फिरणे हा पर्यटनाचा मोठा धंदा आहे. मीथ परगण्यातला ट्रिमचा किल्ला बाराव्या शतकात ह्यू द लेसी या नॉर्मन सरदाराने उभारायला घेतला. मधल्या बुरुजात जायचे तर तिथला मार्गदर्शक सोबत लागतो. ब्लार्नीला लोक कठड्याबाहेर उलटे लटकून एका दगडाचा मुका घेतात, म्हणजे म्हणे वाक्चातुर्य येते. बनरॅटीत मध्ययुगी थाटाची मेजवानी मिळते. तिथला किल्ला म्हणजे मुळात सरदाराचे दगडी घर: खाली कोठार, मध्ये जेवणाचा दिवाणखाना, वर शेज. म्हणून तिथे घर दाखवल्यासारखा किल्ला दाखवता येतो. आपल्याकडे डोंगर हाच किल्ला. माणसाने फक्त तट घातला, दारे बसवली आणि टाकी खोदली. साल्हेरला ‘खोल्या’ दाखवायच्या तर दाखवणार काय? म्हणून इथे सांगणारा माणूस लागतो आणि तो बहुतेक वेळा पायथ्याच्या वाडीतला गुराखी असतो. बुरुजाचे शास्त्रीय नाव त्याला ठाऊक नसेल, पण कुठल्या टाक्याचे पाणी मेपर्यंत टिकते हे तो न चुकता सांगतो.

या दोन जगांना जोडणारा एक माणूसही आहे. आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, जन्माने डब्लिनचा. त्याचे लहानपण ट्रिमजवळच्या डँगन कॅसल या घराण्याच्या वाड्यात गेले. १८०३ साली त्याने अहमदनगरचा भुईकोट घेतला, असईला शिंद्यांना हरवले आणि डिसेंबरात वऱ्हाडातला गाविलगड फोडला. दुसऱ्या वर्षी होळकरांवरच्या मोहिमेत कंपनीच्या फौजेने खानदेशाच्या दक्षिण शिवेवरचा गाळणा घेतला. आयर्लंडच्या वाड्यात वाढलेल्या सेनापतीने दख्खनचे गड कसे पडतात ते दाखवून दिले आणि पंधरा वर्षांत बाकीच्यांनी तो धडा गिरवला.

फेब्रुवारी १८१८. तापीच्या काठावर थाळनेरचा किल्ला. थाळनेर ही खानदेशच्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी. १३७० साली फिरोजशाह तुघलकाने हा मुलूख मलिक राजाला दिला आणि पुढची दोन शतके हे घराणे टिकले. त्यांच्या कबरी आजही गावाजवळ उभ्या आहेत. लता मंगेशकरांचे आजोळ थाळनेरचे, हे गावात आवर्जून सांगतात आणि सांगावेच. पण किल्ल्यापाशी उभे राहून १८१८ ची गोष्ट ऐकावी. होळकर-इंग्रज तह होऊन किल्ला द्यायचे ठरले होते. सर थॉमस हिस्लॉपची फौज आली, दारापाशी बोलणी फिसकटली, आत शिरलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांवर हत्यार चालले आणि काही जण ठार झाले. त्यानंतर आतली सगळी शिबंदी कापून काढण्यात आली आणि किल्लेदार तुळशीराम मामाला तटावर फाशी दिले. याबद्दल हिस्लॉपला विलायतेत जाब द्यावा लागला. आज तापीने किल्ल्याचा बराच भाग पोटात घेतला आहे.

त्याच वर्षी जुलैत मुल्हेरही खाली झाला आणि इंग्रजांचे या भागातले काम संपले. मग त्यांनी दुसरे काम हाती घेतले. पुन्हा कोणी बंड करून वर चढून बसू नये म्हणून नाशिक भागातल्या अनेक गडांच्या कातळपायऱ्या सुरुंगाने उडवल्या. आज ट्रेकर जिथे दोर लावतात, तिथे कित्येक ठिकाणी पूर्वी सरळ जिना होता.

आणि वाटाही बदलल्या. मुंबई-आग्रा रस्ता पक्का झाला, रेल्वे भुसावळमार्गे गेली, सुरत-बुऱ्हाणपूर रस्त्याचे महत्त्व ओसरले. इंग्रजी अमदानीत पिंपळनेर तालुक्याचे नाव होते, तिथल्या रोशा गवताच्या तेलाचा व्यापार चाले. पुढे तालुका साक्रीला गेला. आग्रा रस्त्यावरचा धुळ्याजवळचा लळिंग मात्र रस्त्याकाठी राहिल्याने लोकांच्या नजरेत राहिला. तोही फारुकींचाच. त्याच्या पायथ्याच्या लांडोर बंगल्यात ३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर येऊन गेले आणि दरवर्षी त्या दिवशी तिथे हजारोंची गर्दी होते. फारुकींच्या नावाने तिथे कोणी जात नाही.

पिंपळनेरकराला वेळ कमी असेल आणि साल्हेरची चढण झेपणार नसेल, तर साक्री तालुक्यातच निजामपूरजवळ भामेर आहे. इथे गाव किल्ल्याच्या आतच वसले आहे. वेशीवर जुन्या दरवाजाचे घडीव दगड, त्याच्या सावलीत उभी मोटरसायकल, आत वाड्यांच्या भिंतींत तटाचे चिरे. वरच्या डोंगराच्या पोटात खोदलेल्या खोल्यांच्या ओळी लांबूनच दिसतात, चाळीच्या खिडक्यांसारख्या. आत शिरले की शेळ्यांचा वास येतो, कारण उन्हाळ्याच्या दुपारी त्या तिथेच बसतात. खाली माळावरून जुनी वाट गेलेली दिसते. लेण्याच्या उंबऱ्यावर बसून ती दोन-तीन कोसांपर्यंत नजरेत ठेवता येते. खोदणाऱ्याने जागा कशी निवडली असेल, ते तिथे बसल्यावर आपोआप कळते.

ज्यांना कागद बघायचे असतील त्यांनी धुळ्याला जावे. वि. का. राजवाडे यांनी आयुष्याची अखेरची वर्षे तिथे काढली, १९२६ च्या डिसेंबरात ते तिथेच वारले, आणि त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात जुनी दफ्तरे सांभाळलेली आहेत. कागदाबाहेरचा इतिहास बघायचा तर कोजागिरीला मुल्हेर गाठावे. उद्धव महाराजांच्या समाधीपाशी त्या रात्री रासक्रीडा होते, केळीच्या खांबांनी सजवलेले मोठे चक्र चढवतात आणि गाणी पहाटेपर्यंत चालतात. मार्गशीर्षात साक्री-बागलाणच्या पाड्यांवर डोंगऱ्या देवाचा उत्सव बसतो. कोकणा आणि भिल्ल मंडळी व्रत धरतात, रोज रात्री पावरीवर नाचतात आणि पौर्णिमेच्या सुमारास आपापल्या देवाच्या डोंगरावर चढतात. अंधारात कड्याखाली शेकोट्या पेटतात. सेलबारीतून रात्रीची शेवटची गाडी उतरत असेल, तर खिडकीतून त्या एकीखाली एक दिसतात.